पाय सोडून बसायचा उन्हाळा

नवतपा लागला की आमचं हुडकेश्वरचं घर भर दुपारी आडवं होतं. सूर्य रोहिणीत शिरला की या नऊ दिवसांत नागपूरकराला दुपारचं घराबाहेर काढायची कुणाची टाप नाही. पडदे ओढलेले, कूलर घरघरतोय, खसाच्या वासाबरोबर एखादा चुकार थेंब गालावर येऊन बसतोय. माझी नात जुई सोफ्यावर असते. असते म्हणजे कशी, तर डोकं सोफ्याच्या हातावर, पाठ अधांतरी, गुडघे हनुवटीशी आणि मोबाइल पोटावर. उकडलेल्या झिंग्यासारखं वळलेलं ते पोर बघितलं की माझ्याच कमरेत कळ येते.

"जुई, सरळ बस वं बाई."

"आजी, मला सुट्टी आहे ना!"

तिच्या हिशेबी सरळ बसणं हा शाळेतला विषय आहे, मग सुट्टीत तो कशाला काढायचा? माझा हात आपोआप उशीकडे जातो आणि ती उशी मी तिच्या कमरेमागे खोचते. जरा वेळानं उशी जमिनीवर असते. मी परत खोचते. असा आमचा दोघींचा नवतपा चालतो.

मला विचाराल तर माणूस कामाला कसा बसतो ते बहुतेक वेळा त्याच्या हातात नसतं. काम बसवील तसं बसावं लागतं. रिकामा कसा बसतो, ते मात्र त्याचं त्यानं ठरवायचं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचं सगळं शिक्षण किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर आणि वाचनालयातून मागून आणलेल्या पुस्तकांवर झालं. पण हे एवढं मी शिकले ते एका उन्हाळ्यात, आमच्या विणकरांच्या गल्लीतल्या घरात, माझ्या बाबांच्या पाठीवरून.

एकाहत्तर-बाहत्तरचा सुमार असेल. गल्लीत घरोघरी हातमाग होते, आणि तेही जमिनीत रोवलेले. म्हणजे असं की घरातल्या मोठ्या खोलीत गुडघाभर खोल खड्डा खणलेला असायचा. विणकर त्याच्या काठावर बसायचा आणि पाय खड्ड्यात सोडायचा. खाली पायानं दाबायच्या पावड्या, वर हातात धोटा. बाबा सकाळचा चहा घेऊन त्या खड्ड्यात पाय सोडायचे, ते दिवेलागणीला काढायचे. नागपुरी लुगड्याचे काठ विणावे तर आमच्या बाबांनी. धागा तुटला की तो त्यांच्या डोळ्यांच्या आधी बोटांना कळायचा, तरीही ते वाकून बघायचे. वाकून वाकून त्यांची पाठ आडव्या कंसासारखी झाली होती. माग सोडून रस्त्यानं चालतानाही ते जमिनीवर काही पडलेलं शोधत चालल्यासारखे दिसायचे. आम्हा पोरींना त्यात काही वावगं वाटत नसे. बाबा म्हणजे असेच असतात, असं आम्ही धरून चाललो होतो. गल्लीतल्या सगळ्यांचेच बाबा तसे होते.

त्या वर्षी सूत मिळेनासं झालं. माग आठ-आठ दिवस मुका राहू लागला आणि होळीनंतर बाबांनी तो काढून टाकला. लाकडं गेली, दोऱ्या गेल्या, मागे राहिला खड्डा. बाबा त्या खोलीत जायचे, उभे राहायचे आणि परत यायचे.

मग एके दिवशी गणपतमामा आला. हा आईचा धाकटा भाऊ. हिंगण्याच्या एका कारखान्यात लागला होता आणि कंपनीच्या बसनं जायचा, त्यामुळे गल्लीत त्याचा भाव वधारलेला.

"भाऊजी, आमच्या इथी नवं खातं सुरू होऊन राहिलं," तो म्हणाला. "पावसाच्या आधी माणसं घेतीन. मी तुमचं नाव सांगून ठेवलं."

आईच्या, म्हणजे आमच्या मायच्या हातातली परात तशीच राहिली. "खरंच काय रे गणपत?"

"खरं. पण एक गोष्ट हाय. मशीनपाशी आठ घंटे उभं राहा लागते. डॉक्टर तपासते पयले. मागच्या खेपेले आपल्याच गल्लीतला एक गेला होता, त्याले भिंतीले टेकून उभं केलं, तं टाचा टेकल्या आणि डोकं इकडे हातभर पुढं. वापस पाठवला."

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा भिंतीशी बसून तंबाखू मळत होते, आणि त्यांचं डोकं गुडघ्यांच्याही पुढे आलं होतं.

"नाई झालं तं नाई," बाबा म्हणाले. "भिवंडीले जातो. तिथी पॉवरलूमवर आपले लोक हायेत. पाठबीठ कोणी पायत नाई."

भिवंडी हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. गल्लीतले दोघे-तिघे आधीच गेले होते. त्यांच्या बायका सणासुदीला वाट बघत दारात उभ्या असायच्या, ते मायनं पाहिलं होतं. मामा गेल्यावर ती बाबांच्या मागे जाऊन उभी राहिली, त्यांच्या पाठीवर तिनं तळहात ठेवला आणि वरून खाली फिरवला, जसं पोळपाट सपाट आहे की नाही ते बघतात.

"करू आपण सरळ," ती म्हणाली. "अख्खा उनाळा पडला हाय."

त्या दिवसापासून घरात कुणाला धड सुखानं लोळता आलं नाही.

पहिला राग निघाला खड्ड्यावर. सगळ्यांचं एकमत होतं की या खड्ड्यानंच माणसाला वाकवलं. शेजारणी येऊन खड्ड्याला शिव्या घालून गेल्या. माय आणि मी मिळून घमेल्यानं माती आणली, खड्डा भरला, चोपला, वरून शेणानं सारवला. बाबा ओट्यावर बसून बघत होते. "भरा भरा," एवढंच म्हणाले. खोली एकदम मोठी दिसायला लागली. मायनं तिथे मुद्दाम सतरंजी घातली आणि बाबांना मांडी घालून बसवलं. "आता बसा साहेबासारखे."

दुसरा राग निघाला बाजेवर. आमची सुतळीची बाज मधोमध झोळीसारखी खाली गेलेली. बाबा दुपारी तिच्यात पडायचे ते लोणच्याच्या फोडीसारखे दुमडून. मायनं ती बाज उभी करून अंगणात लावली आणि बाबांची रवानगी जमिनीवरच्या चटईवर केली. धाकटी शोभा तेव्हा लहान होती. तिला काम मिळालं बाबांच्या पाठीवर चालायचं. भिंतीला हात टेकून ती इवल्या पावलांनी खांद्यापासून कमरेपर्यंत जायची, आणि बाबा चटईत तोंड खुपसून सांगायचे, "तिथीच, तिथीच उभी राय वं माये." मग तिचं लक्ष चिमण्यांकडे जायचं, ती तिथंच उभी राहायची, आणि बाबांना झोप लागायची.

माझी शाळा नुकतीच सुटली होती, तरी शाळेतली कवायत अंगात होती. मी बाबांना संध्याकाळी भिंतीशी उभं करायची. टाचा, कंबर, खांदे, डोकं, सगळं भिंतीला लागलं पाहिजे. डोकं काही लागायचं नाही. मी हनुवटी धरून मागे ढकलायची, तर पोट पुढे यायचं. पोट दाबायची, तर टाचा सुटायच्या. एकीकडून दाबलं की दुसरीकडून फुगणारी गादी भरल्यासारखं ते चाललेलं. बाबांच्या बनियनला भिंतीचा चुना लागायचा आणि गल्लीतून जाणारा कुणीतरी ओरडायचा, "काय गा, घर पोतून राहिला काय पाठीनं?"

"पोरगी शिकवून राहिली!" बाबा अभिमानानं सांगायचे.

पण सगळ्यात मोठी लढाई झाली ती त्यांच्या करमणुकीशी. माग गेल्यामुळे बाबांना आयुष्यात पहिल्यांदा दुपार मोकळी मिळाली होती आणि तिचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. ते शेजाऱ्याचं शिळं वर्तमानपत्र आणायचे, जमिनीवर पसरायचे आणि त्यावर ओणवे होऊन वाचायचे. थेट मागावर वाकल्यासारखे, एकेका अक्षराचा धागा तपासत. माय स्वयंपाकघरातून यायची, बघायची आणि कपाळाला हात लावायची.

एक दिवस तिनं त्यांच्या हातातून पेपर काढून घेतला आणि खोलीतल्या कपडे वाळवायच्या दोरीवर लुगडं टाकतात तसा टाकला. "आता वाचा."

"असा कोणी पेपर वाचते काय वं?"

"तुमी वाचा. मान वर करून."

बाबांनी वाचला. एक पान झालं की उठायचं, पेपर उलटा टाकायचा, परत बसायचं. पंख्याच्या वाऱ्यानं बातम्या हलायच्या. मामा आला तेव्हा हे बघून एवढा हसला की त्याला उचकी लागली. "भाऊजी, आता देशाची इस्त्री कराले घेता काय?"

पत्त्यांचंही तेच. आम्ही दुपारी झब्बू खेळायचो, पन्ह्याचे पेले बाजूला, खिडकीला ओली खसाची ताटी, आणि घरात तो थंड मातकट वास. पत्ते जमिनीवर पडायचे आणि बाबा पत्त्यांमागे खाली जायचे. मग मायनं लोखंडी पेटी मध्ये आणून ठेवली आणि पत्ते तिच्यावर टाकायचा हुकूम काढला. तिचा चेहरा इतका गंभीर, की डाव सोडून ती कुणाची पाठ वाकली तेच बघायची. जिंकलेल्याचं तिला काही नव्हतंच.

एवढं सगळं करून झालं काय? बाबांची पाठ आणखी वाईट झाली. खरं सांगते. मांडी घालून ते जरा वेळ बसले की कमरेत वाक पडायचा, गुडघे वर यायचे, त्यांना हातांनी कवळावं लागायचं आणि पाठ परत कंस व्हायची. उठताना आधी दोन्ही हात जमिनीवर, मग एक गुडघा, मग "ए माये." ज्या माणसानं सारं आयुष्य पाय खाली सोडून काढलं त्याच्या मांड्यांना मांडी ठाऊकच नव्हती. पण हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. रोज संध्याकाळी मी भिंतीशी उभं करायची आणि रोज डोकं भिंतीपासून तेवढंच लांब. मायनं रात्रीचं भाकरी करताना गाणं म्हणायचं सोडलं. एकदा बाबा सहज म्हणाले की भिवंडीची गाडी कुठून सुटते ते विचारून घ्यावं लागेल, तर माय चुलीपुढून उठून मागच्या दारी गेली.

शुक्रवारी नावाच्या तलावावर आम्ही उन्हाळ्यात संध्याकाळी जायचो. घरात भट्टी, तिथे निदान पाण्यावरून वारा. त्या दिवशीही गेलो. माय आणि मी मागे, शोभा माझ्या कडेवर. बाबा पुढे जाऊन तलावाच्या कठड्यावर बसले होते, पाय पलीकडे पाण्याच्या बाजूला सोडून. समोर बघत होते, पलीकडच्या काठावर कुणी बैल धूत होतं तिकडे.

माय थांबली. मला वाटलं तिच्या पायात काही रुतलं.

"पाय वं तिकडे," ती हळू आवाजात म्हणाली.

मी बघितलं. बाबांची पाठ सरळ होती. अगदी काठी नाही, पण मान खांद्यांवर बसलेली, खांदे मागे, आणि कमरेत तो छोटासा आतला बाक, जो मी महिनाभर भिंतीशी दाबून दाबून शोधत होते. त्यांना काही माहीत नव्हतं. ते बैल बघत होते.

माय त्यांच्याशेजारी जाऊन बसली, तिनं तिचेही पाय खाली सोडले. मग म्हणाली, "अवो, त्या खड्ड्याचा काई दोष नोता."

"मले मालूम होतं," बाबा म्हणाले.

"मंग बोलले काहून नाई?"

"तू एवढी हौसेनं सारवून राहिली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मायनं कुदळ घेतली. शेजारणी दारात जमल्या. महिन्याभरापूर्वी ज्यांनी खड्ड्याला शिव्या घातल्या त्याच आता विचारू लागल्या, "काहून वं, मागबीग परत आणून राहिली काय?" मायनं पदर खोचला होता आणि माती उपसताना तिनं एवढंच उत्तर दिलं, "मीच भरला होता, मीच उकरून राहिली. तुमचं काय चाललं?"

तेव्हापासून आमच्या घरातला तो खड्डा म्हणजे बैठकीची खोली झाली. काठावर मायनं गोधडीची घडी घातली, पाठीमागे गादीची वळकटी उभी केली आणि समोर डोळ्यांच्या उंचीवर दोरी बांधून तिच्यावर पेपर. बाबा पाय खाली सोडून, पावलं तळाच्या मातीला टेकवून, पाठ वळकटीला लावून बसायचे. खड्ड्यानं त्यांच्या पायांना जागा दिली होती. त्यांना वाकवलं होतं ते समोरच्या कापडानं, ज्याच्याकडे बघत ते जन्मभर झुकत गेले. आता समोर कापड नव्हतं. बघायचं ते वर टांगलेलं होतं.

आणि गंमत म्हणजे नवतप्यात ती घरातली सगळ्यात गार जागा निघाली. तळाला पाणी शिंपडलं की पायांना असा गारवा यायचा की आम्ही पोरी खड्ड्यासाठी भांडायचो. पेटी काठावर ओढून झब्बू मांडायचो, तिघंजण पाय सोडून, चौथी माय वर. दुपारभर त्या खोलीत पत्त्यांचे फटके आणि बाबांचं हसणं. मागाच्या आवाजामुळे आधी हे हसणं कधी ऐकूच आलं नव्हतं.

मायनं एक अजून केलं. पाण्याचा माठ तिनं मुद्दाम खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. उन्हाळ्यात तहान किती लागते! दर वेळी बाबांना उठावं लागायचं, चालावं लागायचं, माठाशी सरळ उभं राहून गडवा तोंडाला लावून मान मागे करून पाणी प्यावं लागायचं. "इथीसा ठेव ना वं माठ," ते कुरकुरायचे. "तिथी गार राहते," माय सांगायची. आता मी जुईचा मोबाइल चार्जिंगला लांबच्या खोलीत लावून ठेवते, ती चिडते, तेव्हा मला मायचा तो निरागस चेहरा आठवतो आणि मी तो तसाच्या तसा करून दाखवते.

पाठ पूर्ण सरळ झाली असं काही मी सांगणार नाही. हाड ते, सूत थोडंच आहे. पण मृग जवळ आला तेव्हा भिंतीशी उभं केलं की डोकं भिंतीला लागायचं. जोर करून, डोळे मिटून, पण लागायचं. आणि कळ गेली होती, ती तर नक्कीच.

मामा त्यांना हिंगण्याला घेऊन गेला तो दिवस मायनं काही न खाता काढला. दुपारी बाबा आले आणि माठाकडे गेले.

"काय झालं?"

"डॉक्टर वाक म्हणे, वाकलो. उठ म्हणे, उठलो. भिंतीले टेक म्हणे, टेकलो."

"मंग?"

"मंग त्यानं कागदावर लिवलं."

"काय लिवलं?"

"मले दाखवते काय तो?"

माय दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, जणू तो कागद त्यांनीच लपवून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी मामा गल्लीच्या तोंडापासून ओरडतच आला, "घेतलं! भाऊजीले घेतलं!" माय देवापुढे गेली नाही की रडली नाही. ती सरळ खोलीत गेली आणि दोरीवरचा जुना पेपर काढून तिनं त्याची घडी केली.

कारखान्यातून खाकी कापड मिळालं, ते बाबांनी गल्लीतल्या हनीफभाईंकडे शिवायला टाकलं. हनीफभाई बाबांचे सदरे लग्नाआधीपासून शिवत आलेले. माप घ्यायची गरज काय! कामावर जायच्या आदल्या दिवशी बाबांनी तो खाकी सदरा घातला आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. मागचा भाग शेपटीसारखा खाली लोंबत होता आणि पुढचा वर चढून पोट उघडं पडलं होतं.

माय तणतणत त्यांना तसंच घेऊन दुकानात गेली, मागे मी आणि शोभा. "हनीफभाई, हे काय करून ठेवलं? उद्या सकाळी ड्युटीवर जाणं हाय!"

हनीफभाईंनी चष्मा वर केला, बाबांना एकदा पुढून बघितलं, फिरवून मागून बघितलं आणि टेप गळ्यातून काढला.

"भाभी, कुर्ता बरोबर हाय," ते म्हणाले. "मैं तो बरसों से भाऊचा मागचा पल्ला लंबा कापतो, पुढचा छोटा, वाकलेल्या माणसाले तसाच लागते. तुमी आदमी बदलून आणला, त्याले मी काय करू?" आणि पोऱ्याला हाक मारावी तशी स्वतःलाच ऑर्डर दिली, "चल हनीफ, नवीन माप घे."

त्यांनी टेप बाबांच्या मानेपासून पाठीवरून खाली सोडला. बाबा हात बाजूला घेऊन उभे होते, समोर रस्त्याकडे बघत. माय दुकानाच्या पायरीवर उभी होती, तरीही तिला त्यांच्याकडे मान वर करून बघावं लागत होतं. ती माझ्या कानाशी आली.

"तुये बाबा एवढे उंच होते काय वं?" ती म्हणाली. "मले तं मालूमच नोतं."

बाबांनी ऐकलं होतं. त्यांचे कान लाल झाले, पण त्यांनी मान वळवली नाही. पाठीवर टेप होता, आणि माप पुरं होईपर्यंत ते हलायला तयार नव्हते.